दुखावलेल्या माशाचे सोंग



एक कोडे घेऊन सुरुवात करू. थंड देशांतील सरोवरांत ट्राउट आणि सामन या जातींचे मासे गळाने पकडतात. या गळाला लावलेले आमिष पुष्कळदा खाण्याजोगे नसतेच. चमच्यासारखा खोलगट असा पितळेचा चकचकीत पत्रा, नाहीतर लाकडाचा रंगवलेला बोटभर तुकडा, एवढेच ते असते. त्याला चव नाही आणि माशाच्या मांसाचा वासही नाही. त्याच पाण्यात खऱ्या लहान मासोळ्यांचे थवेच्या थवे फिरत असतात. तरीही भुकेला ट्राउट त्या थव्यांना सोडून पत्र्याच्या तुकड्यावर झडप घालतो. असे का व्हावे?

‘मासा मूर्ख असतो’ हे उत्तर सोपे आहे, पण ते बरोबर नाही. मूर्ख मासा असल्या पाण्यात चार दिवसही जगला नसता. मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. त्यामुळे हे कोडे मी त्याच विषयाच्या मार्गाने सोडवणार आहे. उष्णता, प्रकाश आणि द्रवांची गती या तीन प्रकरणांत तुम्ही जे शिकता, तेवढे आपल्याला पुरेल. शेवटी आपण आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या तलावाकडेही येऊ, कारण तेथे याच नियमांनी अगदी निराळे चित्र तयार होते.

आपल्या तलावात ट्राउट का नाही?

प्रथम या माशांची ओळख करून घेऊ. ट्राउट आणि सामन एकाच कुळातले. सामन जन्मतो नदीत, वाढतो बहुधा समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदीत येतो. मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सामन’ म्हणतात, पण रावस या कुळातला नाही. ट्राउट मात्र आपल्या देशात आहे, तोही मूळचा नव्हे, मुद्दाम आणलेला. इ. स. १९०० मध्ये ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून काश्मीरच्या ओढ्यांत ब्राउन ट्राउट रुजला. हिमाचल प्रदेशातल्या थंड नद्यांत आणि दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावरही ट्राउट आढळतो. महाराष्ट्रातल्या नद्यांत तो नाही.

याचे कारण पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूत आहे. मीठ किंवा साखर गरम पाण्यात अधिक विरघळते. वायूंचे उलटे असते. पाणी जितके थंड, तितका त्यात वायू अधिक मावतो. समुद्रसपाटीच्या हवेच्या दाबाला एक लिटर शुद्ध पाण्यात ० अंश सेल्सिअसला सुमारे १४.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. १० अंशांना हा आकडा ११.३ होतो, २० अंशांना ९.१ आणि ३० अंशांना ७.६. एक लिटर हवेत सुमारे २८० मिलिग्रॅम प्राणवायू असतो हे ध्यानात घेतले, म्हणजे माशाला किती तुटपुंज्या भांडवलावर श्वास घ्यावा लागतो ते कळेल. त्यातून वाशीम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून वरच्या आकड्यांतून आणखी सहा टक्के वजा करावे लागतात.

दुसरीकडे, पाणी गरम झाले की माशाच्या शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो आणि त्याची प्राणवायूची गरजही वाढते. गरज वाढते त्याच वेळी पुरवठा घटतो. ट्राउटला साधारण १० ते १६ अंशांचे पाणी मानवते. पंचवीस अंशांच्या पुढे तो फार काळ तग धरत नाही. वैशाखात आपल्या एकबुर्जी किंवा अडाण धरणाच्या वरच्या पाण्यात हात घालून पाहा, म्हणजे ट्राउट इथे का नाही हे सांगायला पुस्तक लागणार नाही.

पाण्याचे मजले

आता थंड सरोवरात जाऊ. ते खोल असते आणि उन्हाळ्यात त्याचे वरचे पाणी तापते. गरम पाणी हलके, म्हणून ते वरच राहते. खालचे थंड पाणी जड, ते तळाशी बसते. पाण्याची घनता ४ अंशांना सर्वांत जास्त असते हे तुम्ही शिकलाच आहात. परिणाम असा, की सरोवराला मजले पडतात. वरच्या मजल्यावर १८-२० अंशांचे पाणी, तळमजल्यावर ५-६ अंशांचे, आणि मध्ये एक पातळ पट्टा, ज्यात थोड्याशा खोलीत तपमान झपाट्याने उतरते. वाऱ्याने वरचा मजला ढवळला जातो, पण मधला पट्टा ओलांडून ते ढवळणे खाली पोहोचत नाही.

ट्राउट आणि सामन उन्हाळ्यात बहुधा या मधल्या पट्ट्याच्या आसपास सापडतात. वर पाणी फार गरम, तर खाली अन्न थोडे. काही सरोवरांत तळाशी कुजणाऱ्या पदार्थांनी प्राणवायू संपवलेला असतो. म्हणजे छपरावर ऊन आणि तळघरात घुसमट. म्हणूनच तिथला जाणता मासेमार आमिष निवडण्याआधी तापमापक पाण्यात सोडतो. उत्तम आमिष चुकीच्या मजल्यावर फिरवले, तर दिवसभरात एक मासा लागत नाही.

पण बोटीमागे ओढलेली दोरी पाण्याच्या रोधामुळे वर उचलली जाते. मग आमिष बारा-पंधरा मीटर खोल न्यायचे कसे? त्यासाठी चार-पाच किलोचा शिशाचा गोळा पोलादी तारेने खाली सोडतात आणि गळाची दोरी एका चिमट्याने त्या तारेला अडकवतात. मासा आमिषाला लागला की हिसक्याने चिमटा सुटतो आणि मासेमाराच्या हातात मोकळी दोरी येते.

न दिसणारा आरसा

आमिष योग्य मजल्यावर पोहोचले. आता ते माशाला दिसले पाहिजे. येथे एक गंमत आहे. लहान मासोळी चांदीसारखी चकाकते असे आपण म्हणतो, पण ती चकाकते आपल्या हातात. पाण्यात निरोगी मासोळी जवळजवळ दिसतच नाही.

तिच्या खवल्यांत चांदी नसते, कोणताही धातू नसतो. असतात ते ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक, एकावर एक रचलेले. दोन स्फटिकांच्या मध्ये पेशीतल्या पाणीदार रसाचा थर. ग्वानीनचा वक्रीभवनांक सुमारे १.८३, तर रसाचा १.३३. अशा एका सीमेवरून शंभरातला जेमतेम अडीच भाग प्रकाश परत फिरतो. पण थरांची जाडी जमून आली, की प्रत्येक सीमेवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना पाठबळ देतात आणि अशा अनेक थरांचा मिळून उत्तम आरसा होतो. ही जाडी म्हणजे त्या त्या थरातील प्रकाशाच्या तरंगलांबीचा चौथा भाग. हवेत ५०० नॅनोमीटर तरंगलांबी असलेल्या निळसर हिरव्या प्रकाशासाठी ५०० ला ४ ने आणि १.८३ ने भागा. ग्वानीनचा थर सुमारे ६८ नॅनोमीटर येतो. तसाच रसाचा थर ९४ नॅनोमीटर येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्याच व्यतिकरणाचा हा उपयोग आहे.

पण मग आरसा असलेली मासोळी दिसत का नाही? खोल पाण्यात प्रकाश वरून येतो आणि चारही बाजूंना जवळजवळ सारखाच पसरलेला असतो. अशा ठिकाणी आरसा अगदी उभा धरला, तर त्यात समोरच्या पाण्याचा जो उजेड दिसतो तो आरशामागच्या पाण्याच्या उजेडाइतकाच असतो. पाहणाऱ्याला वाटते, मध्ये काही नाहीच. इंग्लंडमधल्या प्लिमथ येथील प्रयोगशाळेत एरिक डेंटन या शास्त्रज्ञाने १९६० नंतरच्या दशकात या आरशांचा बारकाईने अभ्यास केला. माशाचे अंग गोलसर असते, म्हणून खवले तिरपे बसतात. पण खवल्यांतले स्फटिक मात्र अंगाच्या गोलाईप्रमाणे न वळता उभेच राहतात, असे त्याला आढळले. मासोळी सरळ पोहते तोवर तिची प्रत्येक बाजू म्हणजे जणू उभा आरसा.

आता ती मासोळी जखमी झाली, आजारी पडली किंवा दमली, तर काय होईल? ती कलेल. आरसा कलला की परावर्तनाच्या नियमाप्रमाणे परतणारा किरण त्याच्या दुप्पट कोनातून वळतो. आतापर्यंत बाजूच्या अंधुक पाण्याचे प्रतिबिंब दाखवणारा आरसा एकदम वरच्या उजळ आकाशाचे प्रतिबिंब दाखवतो. पाण्यात लखकन चमक उठते, विझते, पुन्हा उठते.

कोड्याचा पहिला दुवा हा. ट्राउटच्या डोळ्यांना थवा दिसतो तो अस्पष्ट, पण दुखावलेली मासोळी दिसते ती लख्ख. तीच पळायला दुबळी, म्हणून तिच्यामागे धावण्यात शक्ती कमी खर्च होते. चमकेवर झडप घालणे हा ट्राउटचा मूर्खपणा नव्हे, तो काटकसरीचा हिशोब आहे. डोलणारा पत्रा त्या हिशोबातला खोटा आकडा आहे.

चमचा आणि लाकडी मासोळी

चमच्याच्या आकाराच्या आमिषाचे पेटंट अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल याने १८५२ मध्ये घेतले. जेवताना त्याच्या हातून चमचा सरोवरात पडला आणि बुडत जाणाऱ्या त्या चमच्यावर ट्राउटने झडप घातली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, पदार्थविज्ञानाला धरून आहे. बुडणारा चमचा सरळ खाली जात नाही, हेलकावे घेत जातो आणि प्रत्येक हेलकाव्याला चमकतो.

फिनलंडमधल्या लॉरी रापाला या मासेमाराची गोष्ट याहून बोधप्रद आहे. पाय्यान्ने नावाच्या मोठ्या सरोवरावर तो पोटासाठी मासे धरी. शिकारी मासा थव्यात घुसल्यावर सरळ पोहणाऱ्यांना सोडतो आणि जी मासोळी किंचित वाकडी, डोलत पोहते तिलाच उचलतो, हे त्याने नावेत बसून पाहिले. १९३६ मध्ये त्याने बुचाच्या लाकडाचा तुकडा चांभारी चाकूने कोरला, त्यावर चॉकलेटच्या वेष्टनाची चंदेरी वर्खी बसवली आणि फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून तिचा लेप वर दिला. हे आमिष ओढले की जखमी मासोळीसारखे डोले. पुढे ते जगभर पसरले. या माणसाजवळ प्रयोगशाळा नव्हती, पण निरीक्षण होते.

हे डोलणे येते कोठून? अशा आमिषाच्या तोंडाशी एक लहान तिरपी पट्टी असते. ओढताना पाणी पट्टीवर आदळते आणि तिच्या दोन्ही कडांमागे भोवरे तयार होतात. हे भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत. एक डावीकडून, मग एक उजवीकडून, पुन्हा डावीकडून, असे आळीपाळीने सुटतात. प्रत्येक वेळी एका बाजूचा दाब क्षणभर कमी होतो आणि आमिष तिकडे झुकते. वाऱ्यात निशाण फडफडते तेव्हाही त्याच्या मागे असेच भोवरे सुटत असतात. थिओडोर फॉन कार्मान याने १९११ मध्ये अशा भोवऱ्यांच्या दुहेरी रांगेचे गणित मांडले. त्याआधी १८७८ मध्ये स्ट्रोहाल या चेक शास्त्रज्ञाने वाऱ्यात गुणगुणणाऱ्या तारांचा अभ्यास करून एक सोपा नियम दिला होता. तो असा:

दर सेकंदाला सुटणाऱ्या भोवऱ्यांच्या जोड्या = ०.२ × वेग ÷ रुंदी

बोटीमागे आमिष साधारण सेकंदाला १ मीटर वेगाने ओढतात. पट्टीची रुंदी २ सेंटिमीटर, म्हणजे ०.०२ मीटर धरा. उत्तर येते १०. म्हणजे आमिष सेकंदाला सुमारे दहा वेळा डावी-उजवीकडे डोलेल. हा अंदाज आहे, कारण पट्टीचा आकार तारेसारखा गोल नसतो, पण अनुभवाशी तो बऱ्यापैकी जुळतो. फार हळू ओढले तर आमिष मेल्यासारखे सरळ येते. फार जोरात ओढले तर उलटेपालटे होते आणि कोणत्याच जिवंत माशासारखे दिसत नाही.

बाजूची रेषा

हे सेकंदाला दहा हेलकावे केवळ डोळ्यांसाठी नाहीत. बाजारातला रोहू नीट पाहा. कल्ल्याच्या झाकणापासून शेपटीपर्यंत दोन्ही बाजूंना ठिपक्याठिपक्यांची एक रेषा गेलेली दिसेल. तिला पार्श्वरेषा म्हणतात. प्रत्येक ठिपका म्हणजे कातडीखालच्या नळीचे छिद्र. नळीत पाणी हलले की आतल्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंना ते कळते. सेकंदाला एकापासून सुमारे दोनशेपर्यंत कंपने या इंद्रियाला जाणवतात. आमिषाची दहा कंपने त्यात अगदी चपखल बसतात.

पार्श्वरेषेचा पल्ला मात्र लहान, माशाच्या स्वतःच्या लांबीच्या एक-दोन पट. म्हणून ट्राउटची शिकार टप्प्याटप्प्याने होते. दुरून डोळ्याला चमक दिसते, जवळ आल्यावर अंगाला भोवरे जाणवतात, आणि दोन्ही साक्षी जुळल्या की तोंड मिटते. चवीची साक्ष निघेपर्यंत गळ लागलेला असतो.

गढूळ पाण्यातला मरळ

आता हीच आमिषे आपल्या जिल्ह्यात आणली तर? पावसाळ्यात पैनगंगेचे किंवा अडाणचे पाणी पाहा. काळ्या मातीचे अतिसूक्ष्म कण त्यात दिवसेंदिवस तरंगत राहतात. प्रकाश वीतभर खोल जातो न जातो तोच विखुरतो. तिथे आरसा उभा काय आणि तिरपा काय, दिसणार कोणाला? अशा पाण्यात डोळ्याची साक्ष बाद होते. उरतात वास, चव आणि कंपने. आपले भोई बांधव गळाला गांडूळ लावतात, कणकेची गोळी लावतात, ते याच नियमाला धरून. शिवाय आपल्या धरणांत मत्स्यबीज सोडतात ते मुख्यतः कटला, रोहू आणि मृगळ यांचे. हे मासे मासोळ्यांची शिकार करणारे नव्हेत, मग त्यांना जखमी मासोळीचे सोंग दाखवून काय उपयोग?

पण आपल्याकडेही एक पक्का शिकारी आहे, मरळ. तो पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो आणि बेडूक किंवा मासोळी टप्प्यात आली की झेपावतो. पाण्याच्या पृष्ठभागावर धडपडणाऱ्या आमिषाकडे तो चटकन येतो, कारण धडपडीची कंपने गढूळ पाण्यातूनही पोहोचतात. आणि प्राणवायूचे काय? मरळाला कल्ल्यांशिवाय हवेतून श्वास घेण्याचीही सोय आहे. मधून मधून तो तोंड वर काढून हवा घेतो. म्हणून ट्राउट जिथे गुदमरेल अशा कोमट पाण्यात मरळ सुखाने राहतो. लिटरमागे ७ मिलिग्रॅमच्या तुटपुंज्या साठ्याऐवजी त्याने २८० मिलिग्रॅमचे कोठार उघडले आहे.

कटला, रोहूंना ही सोय नाही. पाण्याची घनता ४ पासून १० अंशांपर्यंत घनमीटरमागे केवळ ०.३ किलोने घटते, पण २० पासून ३० अंशांपर्यंत २.५ किलोने घटते. म्हणजे गरम पाण्यात तपमानाचा थोडा फरकही पक्के मजले पाडतो. त्यामुळे उन्हाळ्यात आपल्या उथळ तलावांतही थर बनतात आणि तळाचा प्राणवायू संपतो. मग वळवाचा पाऊस वादळवाऱ्यासह येतो, पाणी एकदम ढवळून निघते, तळचे घुसमटलेले पाणी वर येते. दुसऱ्या सकाळी मासे पृष्ठभागाशी तोंडे उघडून धापा टाकताना किंवा मेलेले दिसतात. अशा वेळी ‘कोणी विष टाकले’ अशी बोलवा लगेच उठते. क्वचित ते खरेही असेल, पण त्याआधी आदल्या रात्रीचा पाऊस आणि पाण्याचे तपमान यांची चौकशी करावी.

भूक नव्हे, राखण

येथवर आपण असे धरले, की मासा आमिष घेतो तो भुकेपोटी. ते नेहमीच खरे नसते. पॅसिफिक महासागरातला सामन अंडी घालण्यासाठी नदीत शिरला की खाणे सोडतो, त्याचे आतडे आक्रसते. तरीही समोरून डोलत जाणाऱ्या चमच्याला तो चावतो.

मरळाचे तर आणखी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पावसाळ्यात तो काठाच्या वनस्पतींत जागा साफ करून अंडी घालतो. अंडी तरंगतात आणि नर-मादी त्यांची राखण करतात. पिल्ले बाहेर पडली की त्यांचा लालसर पुंजका पृष्ठभागाशी वर-खाली होत फिरतो आणि खाली पालक पहारा देत असतो. या पुंजक्याजवळ बेडकाचे किंवा मासोळीचे आमिष फिरवले, तर पालक हमखास झेपावतो. त्याला ते घास म्हणून हवे असते असे नव्हे, त्याला पिल्लांवर आलेला शत्रू हाकलायचा असतो. त्या एका गळाने आपण एक मासा मिळवतो आणि राखणदार गेल्यामुळे शेकडो पिल्ले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी देतो. पुढच्या वर्षीचा मरळ आपणच आज बुडवतो. पावसाळ्यात लाल पुंजका दिसला, तर तेथे गळ टाकू नये आणि दुसऱ्यालाही हे कारण समजावून सांगावे.

उरलेली मासोळी

खोट्या आमिषाऐवजी जिवंत मासोळीच गळाला लावण्याची पद्धतही सर्वत्र आहे. तिच्यात एक धोका लपलेला आहे. संध्याकाळी बादलीत उरलेल्या मासोळ्या दयेपोटी जवळच्या पाण्यात सोडल्या जातात. त्या दुसऱ्या तलावातून आणलेल्या असतील, तर त्यांच्याबरोबर रोग, परजीवी आणि परक्या जातीही तिथे पोहोचतात.

परकी मासोळी काय करू शकते ते उत्तर अमेरिकेतल्या महासरोवरांनी पाहिले आहे. एलवाइफ नावाची समुद्रातली चंदेरी मासोळी कालव्यांच्या वाटेने तिथे शिरली आणि तिला आवरणारा शिकारी नसल्याने बेसुमार वाढली. १९६६ मध्ये मिशिगन राज्याने तिला खाण्यासाठी कोहो सामन सरोवरात सोडला. दुसऱ्याच वर्षी, १९६७ मध्ये, मेलेल्या एलवाइफांचे ढीग मिशिगन सरोवराच्या काठांवर पडले. पुढे सामन वाढला, गळाच्या मासेमारीचा मोठा धंदा उभा राहिला आणि एलवाइफसारखे दिसणारे चमचे तयार होऊ लागले. पण २००३-०४ च्या सुमारास ह्युरॉन सरोवरात एलवाइफ जवळजवळ नाहीशी झाली आणि तिच्यावर पोसलेला चिनूक सामनही रोडावला. एका मासोळीच्या वाढीने आणि घटीने सबंध सरोवराचा जमाखर्च उलटापालटा झाला.

आपल्याकडेही ‘थाई मांगूर’ या नावाने विकल्या जाणाऱ्या आफ्रिकी मांगुराच्या पालनावर बंदी आहे ती याच कारणाने. तो खादाड आहे आणि देशी माशांना उरू देत नाही. म्हणून नियम साधा ठेवा: एका तलावाची मासोळी दुसऱ्या तलावात सोडायची नाही, घरच्या काचेच्या पेटीतलीही नाही.

करून पाहा, विचार करा

१. काचेच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत थंड पाणी घ्या. त्यावर पुठ्ठ्याचा लहान तुकडा तरंगत ठेवा आणि शाईने रंगवलेले कोमट पाणी त्या तुकड्यावर हळूहळू ओता. दोन मजले किती वेळ टिकतात? फुंकर मारून ढवळण्याचा प्रयत्न करा.

२. सोयाबीनच्या किंवा हरभऱ्याच्या शेतात एक लहान आरसा जमिनीवर उभा रोवा आणि पाच-सहा पावलांवरून पिकाच्या उंचीला डोळे आणून पाहा. आरसा पिकात हरवल्यासारखा वाटेल. मग तो थोडा मागे कलवा. काय चमकले? सूर्याचे प्रतिबिंब कोणाच्या डोळ्यांवर पडू देऊ नका. आरसा १० अंशांनी कलवला, तर परावर्तित किरण किती अंशांनी वळेल?

३. परातीत पाणी घेऊन वर चिमूटभर हळद भुरभुरा. पेन्सिल उभी धरून सेकंदाला सुमारे दहा सेंटिमीटर वेगाने सरळ ओढा. मागे सुटणाऱ्या भोवऱ्यांची रांग पाहा. एकाच बाजूच्या दोन भोवऱ्यांतले अंतर पेन्सिलीच्या जाडीच्या सुमारे चार-पाच पट आहे का?

४. विजेची ५ मिलिमीटर जाडीची तार सेकंदाला ५ मीटर वेगाच्या वाऱ्यात गुणगुणते. स्ट्रोहालच्या नियमाने तिच्या आवाजाची वारंवारता काढा.

५. शिक्षकांसाठी: पोहता येणारी जाणती माणसे सोबत घेऊन वर्गाला गावच्या तलावाच्या घाटावर न्यावे. पांढरी थाळी दोरीने पाण्यात सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते आषाढात एकदा आणि माघात एकदा मोजावे. इटलीच्या सेकी या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पाण्याचा स्वच्छपणा मोजला तो याच रीतीने. दगड बांधलेल्या बाटलीच्या बुचाला वेगळी दोरी लावावी आणि बाटली खाली गेल्यावर बूच उपटून तळाचे पाणी भरून घ्यावे. वरच्या आणि खालच्या पाण्याचे तपमान पहाटे व दुपारी घेऊन तक्ता करावा. मग मुलांना विचारावे: या तलावात आज चमचा चालेल की गांडूळ? उत्तराबरोबर कारणही मागावे.